राज्याराज्यांतली उत्पन्नाची दरी भरून येते आहे का, हे स्वतः कसे तपासावे

‘मागास राज्ये आता वेगाने पुढे येत आहेत’ आणि ‘पुढारलेल्या व मागास राज्यांमधली दरी वाढतच चालली आहे’ ही दोन्ही विधाने एकाच तक्त्याच्या आधारे, एकाही आकड्यात फेरफार न करता सिद्ध करता येतात. कोणते वर्ष आरंभाचे धरले, कोणती राज्ये यादीत घेतली, फरक रुपयांत मोजला की पटींत, यावर उत्तर बदलते. विकासाच्या समतोलाचा प्रश्न महाराष्ट्रात तरी केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. अनुशेषाच्या, म्हणजे मागे पडलेल्या भागांत राहून गेलेल्या विकासकामांच्या, नावाने त्यावर चार दशके वाद चालू आहे आणि निधीचे वाटप त्याच्याशी बांधलेले आहे. म्हणून विद्यार्थी, पत्रकार, कार्यकर्ते अशा सर्वांना ही तपासणी स्वतः करता आली पाहिजे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारे गणित बारावीपर्यंतचे आहे आणि साधन म्हणून एक्सेल किंवा गूगल शीट्स पुरते.

आधी प्रश्न नेमका करा

रॉबर्ट सोलो यांनी 1956 मध्ये मांडलेल्या वाढीच्या सिद्धांतातून एक अपेक्षा निघते. जिथे भांडवल कमी आहे तिथे भांडवलाच्या प्रत्येक नव्या भरीतून मिळणारे उत्पादन अधिक असते. त्यामुळे बाकी सर्व परिस्थिती सारखी असेल, तर गरीब प्रदेशाची वाढ श्रीमंत प्रदेशापेक्षा जलद व्हावी आणि कालांतराने दोघांची बरोबरी व्हावी. ‘बाकी सर्व परिस्थिती सारखी असेल तर’ हे शब्द इथे अतिशय महत्त्वाचे आहेत. बचतीचे प्रमाण, शिक्षण, लोकसंख्यावाढीचा वेग आणि शासनव्यवहाराची गुणवत्ता वेगळी असेल, तर प्रत्येक प्रदेश स्वतःच्या वेगळ्या पातळीकडे सरकतो आणि बरोबरी होईलच असे नाही. एकाच देशातील राज्यांमध्ये चलन एक, कायदे बरेचसे एक, माणसांच्या आणि पैशाच्या ये-जा करण्यावर बंधन नाही. म्हणून देशादेशांपेक्षा राज्याराज्यांत ही बरोबरी लवकर साधावी, अशी अपेक्षा अर्थशास्त्रज्ञ बाळगतात. भारताच्या बाबतीत ही अपेक्षा फोल ठरल्याचे केंद्र सरकारच्या 2016-17 च्या आर्थिक पाहणीत नोंदवलेले आहे. जगातले गरीब देश श्रीमंत देशांच्या आणि चीनचे मागे पडलेले प्रांत पुढच्या प्रांतांच्या जवळ येत असताना भारतातील राज्ये एकमेकांपासून दूर जात होती, असे त्या पाहणीने दाखवले.

तपासणी सुरू करण्यापूर्वी दोन प्रश्न वेगळे करून कागदावर लिहावेत. पहिला प्रश्न असा, की ज्या राज्यांचे उत्पन्न आरंभी कमी होते त्यांची वाढ नंतर अधिक वेगाने झाली का? याला ‘बीटा’ कसोटी म्हणतात. दुसरा प्रश्न असा, की सर्व राज्यांच्या उत्पन्नांतली एकूण पांगापांग वर्षागणिक कमी होत गेली का? ही ‘सिग्मा’ कसोटी. पहिली कसोटी उत्तीर्ण झाली म्हणजे दुसरी आपोआप उत्तीर्ण होते, असे नाही. त्याचे कारण पुढे येईल.

तिसरी गोष्ट फरक मोजण्याच्या एककाची. समजा, एका राज्याचे दरडोई उत्पन्न 60,000 रुपये आणि दुसऱ्याचे 2,40,000 रुपये आहे. पहिले राज्य वर्षभरात 8 टक्क्यांनी वाढून 64,800 वर गेले आणि दुसरे 5 टक्क्यांनी वाढून 2,52,000 वर गेले. पट चारवरून सुमारे 3.9 वर आली, म्हणजे दरी भरून येऊ लागली. पण रुपयांतला फरक 1,80,000 वरून 1,87,200 झाला, म्हणजे दरी वाढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अर्थशास्त्रात पट पाहण्याची रीत आहे आणि दीर्घकाळासाठी तीच योग्य आहे, कारण पट सातत्याने घटत गेली तर रुपयांतला फरकही अखेरीस कमी होऊ लागतो. मात्र मधल्या अनेक वर्षांत गरीब राज्यातील माणसाला अंतर वाढल्याचा जो अनुभव येतो, तो भ्रम नव्हे, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

आकडे मिळवणे आणि जुळवणे

राज्यांसाठी रिझर्व्ह बँकेची भारतीय राज्यांविषयीची सांख्यिकी पुस्तिका सर्वांत सोयीची आहे. तिच्यात दरडोई निव्वळ राज्य उत्पन्नाचे जुने-नवे तक्ते एकत्र मिळतात. मूळ आकडे केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचे आणि राज्यांच्या सांख्यिकी संचालनालयांचे असतात. महाराष्ट्रातील जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न अर्थसंकल्पाच्या सुमारास प्रसिद्ध होणाऱ्या ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या अहवालात सापडते. देशादेशांची तुलना करायची असेल, तर जागतिक बँकेचे क्रयशक्तीच्या समानतेनुसार जुळवलेले आकडे घ्यावेत. बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये केलेली तुलना गरीब देशांना वास्तवापेक्षा अधिक गरीब दाखवते, कारण केस कापण्यासारख्या स्थानिक सेवा तिथे खूप स्वस्त असतात.

वाढीचा वेग काढताना स्थिर किंमतींचे, म्हणजे एकाच ठरावीक ‘पायाभूत’ वर्षाच्या भावांनी मोजलेले, आकडे वापरावे लागतात आणि इथे पहिली अडचण येते. पायाभूत वर्ष वेळोवेळी बदलत आले आहे: 1980-81, 1993-94, 1999-2000, 2004-05, 2011-12. दोन वेगळ्या पायांवरचे आकडे तसेच्या तसे एका ओळीत मांडू नयेत. त्यांची सांधणी अशी करावी. 2011-12 या वर्षाचा आकडा 2004-05 च्या मालिकेतही आहे आणि 2011-12 च्या मालिकेतही आहे. नव्या आकड्याला जुन्याने भागून येणाऱ्या गुणकाने जुन्या मालिकेतील प्रत्येक वर्षाला गुणावे. हा गुणक प्रत्येक राज्यासाठी वेगळा निघतो, म्हणून तो राज्यवार काढावा. पायाभूत वर्षाबरोबर मोजण्याची पद्धतही बदलत असल्यामुळे दोन मालिकांच्या सांध्यावर एखाद्या राज्याची पातळी एकदम उंचावलेली किंवा खाली आलेली दिसली, तर ती त्या राज्याची प्रगती किंवा अधोगती समजू नये.

दुसरी अडचण सीमांची. नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही राज्ये झाली. जमशेदपूर, बोकारो, धनबाद हा खाणींचा आणि कारखान्यांचा सगळा पट्टा झारखंडात गेला. त्यामुळे 1990 चा ‘बिहार’ आणि 2010 चा ‘बिहार’ हे वेगळे प्रदेश आहेत. 2 जून 2014 रोजी तेलंगणा वेगळे झाल्यावर हैदराबाद आंध्र प्रदेशाबाहेर गेले. अशा वेळी नव्या राज्यांचे एकूण उत्पन्न व लोकसंख्या मूळ राज्यात मिळवून, भागाकार करून, जुन्या सीमेतले दरडोई उत्पन्न काढावे. दोन दरडोई आकड्यांची नुसती सरासरी काढणे चूक आहे. जिल्ह्यांनाही हेच लागू आहे: 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाला, 1998 मध्ये नंदुरबार व वाशीम आणि 1999 मध्ये हिंगोली व गोंदिया झाले.

पहिली मोजणी: राष्ट्रीय सरासरीशी गुणोत्तर

प्रारंभ सर्वांत साध्या तक्त्यापासून करावा. प्रत्येक राज्याच्या दरडोई उत्पन्नाला त्याच वर्षाच्या देशाच्या दरडोई उत्पन्नाने भागून 100 ने गुणावे. हे गुणोत्तर एकाच वर्षाच्या आत काढलेले असल्यामुळे चालू किंमतींचे, म्हणजे त्या त्या वर्षाच्या भावांतले, आकडेही चालतात आणि सांधणीची कटकट बरीच टळते. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर 2024 मध्ये 1960-61 ते 2023-24 या काळासाठी केलेला अभ्यास याच मार्गाने जातो, आणि त्याचे काही आकडे स्वतःची रीत पडताळून पाहण्यास उपयोगी आहेत. पश्चिम बंगालचे गुणोत्तर 1960-61 मध्ये 127.5 होते, ते 2023-24 मध्ये 83.7 वर आले. ओडिशाचे 1990-91 मध्ये 54.3 होते, ते 88.5 वर गेले. हरितक्रांतीच्या काळात, म्हणजे 1970-71 मध्ये, पंजाब 169 वर होता. आता तो 106.7 वर आहे. बिहार 33 च्या आसपास अडकलेला आहे. महाराष्ट्र सरासरीच्या दीडपट आहे.

या गुणोत्तरांवरून वेगातला फरक काढता येतो. ओडिशाच्या बाबतीत 88.5 ला 54.3 ने भागले की 1.63 येतात, त्याचा नैसर्गिक लॉग सुमारे 0.489, त्याला 33 वर्षांनी भागले की 0.0148. म्हणजे ओडिशाचे दरडोई उत्पन्न 33 वर्षे देशाच्या सरासरीपेक्षा दरवर्षी साधारण दीड टक्का अधिक वेगाने वाढले. पश्चिम बंगालसाठी हीच रीत 63 वर्षांना लावली तर उणे 0.67 टक्के येतात. दरवर्षी पाऊण टक्क्याहूनही कमी असलेला हा फरक दोन पिढ्यांत एखाद्या राज्याला सरासरीच्या वरून खाली आणतो, हे या कोष्टकातून फार स्पष्ट दिसते.

उलट हिशेबही करून पाहावा, कारण कोणत्याही भाषणापेक्षा तो जास्त सांगतो. बिहार सरासरीच्या 33 टक्क्यांवर आहे. 100 भागिले 33 चा लॉग सुमारे 1.11. बिहार सरासरीपेक्षा दरवर्षी दोन टक्के अधिक वेगाने, एकही वर्ष न चुकता, वाढत राहिला तरी सरासरीला पोहोचायला 55 वर्षे लागतील. तीन टक्के अधिक वेग ठेवला तर 37 वर्षे.

बीटा कसोटी

शीटच्या पहिल्या स्तंभात राज्याचे नाव, दुसऱ्यात आरंभवर्षाचे दरडोई उत्पन्न, तिसऱ्यात अखेरच्या वर्षाचे उत्पन्न लिहावे. दोन्ही स्थिर किंमतींत असावीत. चौथ्या स्तंभात ‘एलएन’ या फंक्शनने आरंभीच्या उत्पन्नाचा लॉग घ्यावा. पाचव्यात अखेरच्या उत्पन्नाच्या लॉगमधून आरंभीचा लॉग वजा करून वर्षांच्या संख्येने भागावे. हा सरासरी वार्षिक वाढीचा वेग झाला. मग चौथा स्तंभ आडव्या अक्षावर आणि पाचवा उभ्या अक्षावर घेऊन बिंदूंचा आलेख काढावा आणि ‘स्लोप’ या फंक्शनने उतार मोजावा. उतार ऋण असेल तर गरीब राज्ये सरासरीने जलद वाढली. धन असेल तर श्रीमंत राज्ये अधिक पुढे गेली. शून्याच्या आसपास असेल तर आरंभीच्या पातळीचा वाढीशी संबंध दिसला नाही.

आलेख न पाहता नुसत्या उतारावर विसंबू नये. वीस-पंचवीस बिंदूंच्या आलेखात एखादे गोवा किंवा सिक्कीम रेषेला आपल्याकडे ओढून घेते. अशी एक-दोन राज्ये वगळून उतार पुन्हा काढावा. चिन्हच बदलले तर निष्कर्ष त्या दोन राज्यांचा आहे, भारताचा नाही.

आपला उतार कशाशी ताडून पाहायचा, याला एक सर्वमान्य माप आहे. रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील राज्यांच्या 1880 पासूनच्या उत्पन्नाचा अभ्यास करून दरी भरून येण्याचा वेग वर्षाला सुमारे दोन टक्के असल्याचे दाखवले. या वेगाने निम्मी दरी भरायला सुमारे 35 वर्षे लागतात. 69 ला टक्क्यांतील वेगाने भागले की अर्धी दरी मिटण्याचा काळ मिळतो. खुल्या सीमा, रेल्वे आणि मोठे स्थलांतर असलेल्या देशातही वेग एवढाच होता, हे पाच वर्षांच्या आकड्यांवरून जयघोष किंवा आक्रोश करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

सिग्मा कसोटी

प्रत्येक वर्षासाठी सर्व राज्यांच्या उत्पन्नाचे लॉग घेऊन त्यांचे प्रमाण विचलन ‘एसटीडीईव्ही’ फंक्शनने काढावे आणि वर्षानुवर्षे त्याची रेषा आखावी. रेषा खाली आली तर पांगापांग कमी झाली. ही कसोटी अधिक कडक आहे आणि सर्वसामान्य वाचकाच्या मनातला प्रश्नही बहुधा हाच असतो. बीटा उतार ऋण असूनही सिग्मा रेषा खाली येत नाही, असे घडते. कारण काही गरीब राज्ये वर येत असताना काही श्रीमंत राज्ये घसरत असतात, आणि दुष्काळ, किंमतींचे चढउतार, एखाद्या मोठ्या उद्योगाचे आगमन अशा धक्क्यांनी जुनी पांगापांग मिटता मिटता नवी तयार होते. पंजाब खाली आला आणि तमिळनाडू वर गेला, एवढ्याने क्रमवारी बदलते. अंतर कमी होतेच असे नाही. म्हणून दोन्ही कसोट्यांचे निकाल नेहमी शेजारी शेजारी द्यावेत.

यादी कोणी केली, हे विचारा

1986 मध्ये विल्यम बॉमोल यांनी 16 औद्योगिक देशांच्या 1870 पासूनच्या आकड्यांवरून देशादेशांत ठळक बरोबरी घडल्याचे मांडले. दोनच वर्षांनी ब्रॅडफर्ड डी लाँग यांनी दाखवून दिले, की ते 16 देश शतकभरानंतर श्रीमंत ठरलेले असल्यामुळेच यादीत होते. 1870 च्या सुमारास ज्यांचे भवितव्य उज्ज्वल वाटावे अशा अर्जेंटिना, चिली, पोर्तुगाल यांसारख्या देशांना यादीत घेतले, तेव्हा ती बरोबरी जवळजवळ नाहीशी झाली. शर्यत संपल्यावर पुढे आलेल्यांनाच निवडून ‘सगळे बरोबर पोहोचले’ म्हणण्यासारखे ते झाले होते. आपल्याकडे ‘प्रमुख राज्ये’ अशी यादी करून ईशान्येकडील राज्ये वगळण्याची जी पद्धत आहे, तिच्याकडेही याच नजरेने पाहावे. वगळायला हरकत नाही. पण निकष आरंभवर्षाच्या माहितीवरून ठरलेला आणि उघड सांगितलेला असावा.

लोकसंख्येचा भारही ठरवावा लागतो. 2011 च्या जनगणनेत उत्तर प्रदेशाची लोकसंख्या सुमारे 20 कोटी आणि गोव्याची साडेचौदा लाख होती. धोरणांची तुलना करायची असेल तर प्रत्येक राज्य एक बिंदू धरणे योग्य. माणसांमधली विषमता पाहायची असेल तर लोकसंख्येचा भार द्यावा, म्हणजे मोठ्या राज्याला मोजणीत त्याच्या लोकसंख्येइतके अधिक वजन द्यावे. दोन्ही उत्तरे वेगळी येऊ शकतात, आणि माझ्या मते लोकांसाठी लिहिताना भार दिलेले उत्तर आधी द्यावे.

जिल्ह्यांचे आकडे वाचताना

जिल्ह्याच्या पातळीवर उतरल्यावर सर्वाधिक काळजी लागते, आणि आपल्याकडील चर्चा नेमकी इथेच घाईची होते. जिल्हा उत्पन्न म्हणजे त्या जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेले मूल्य. त्या जिल्ह्यातल्या माणसांच्या हाती आलेले उत्पन्न नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, 2,920 मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने आहेत. त्या सर्वांची मूल्यवृद्धी चंद्रपूरच्या नावे मांडली जाते आणि जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागली जाते; पण त्यातला नफा बाहेर जातो आणि वीज राज्यभर वापरली जाते. गोंडपिपरीच्या शेतमजुराच्या स्थितीचा अंदाज त्या सरासरीवरून बांधणे धोक्याचे आहे.

याच्या उलट बाजूला बीड आहे. ऊसतोडीच्या हंगामात तिथून नवरा-बायकोचा एकेक ‘कोयता’ उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातो. त्यांच्या श्रमातून निघालेले मूल्य उसाच्या जिल्ह्यात मोजले जाते. उरलेली मजुरी मात्र बीडच्या गावात खर्च होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत मुंबईहून येणारा पैसाही जिल्हा उत्पन्नात नसतो. राज्यपातळीवर केरळात आखाती देशांतून येणाऱ्या पैशाचे तेच आहे. म्हणून जिल्ह्यांची तुलना करताना उत्पन्नाच्या जोडीला राहणीमानाची माहिती घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घराची बांधणी, स्वयंपाकाचे इंधन, मुलांचे पोषण यांची जिल्हावार माहिती असते. उत्पन्नाची दरी वाढत असतानाही आरोग्यात राज्ये एकमेकांजवळ येत असल्याचे 2016-17 च्या त्याच आर्थिक पाहणीत आढळले होते, तेव्हा दोन्हींची उत्तरे जुळतील असे गृहीत धरू नये.

शिवाय जिल्ह्याचे सर्व आकडे प्रत्यक्ष मोजलेले नसतात. शेतीचे उत्पादन जिल्हावार उपलब्ध असते, पण सेवाक्षेत्राच्या बऱ्याच भागात राज्याचा अंदाज कामगारांच्या संख्येसारख्या निर्देशकांनी जिल्ह्यांत वाटला जातो. भाजक असलेली लोकसंख्याही 2011 च्या जनगणनेवरून पुढे अंदाजलेली असते. ठाणे किंवा पुण्यासारख्या, जिथे माणसे सतत येत आहेत अशा जिल्ह्यांत चुकीला वाव अधिक. दोन जिल्ह्यांत चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला तर त्यावर क्रमांक लावू नयेत.

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 1984 मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने आजही अभ्यासण्यासारखा आहे. समितीने अनुशेष दरडोई उत्पन्नावरून मोजला नाही. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे आणि तेवढी सोय उभी करायला किती खर्च येईल, असा हिशेब केला. एकूण अनुशेष 3,186.78 कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा 37 टक्क्यांच्या वर होता. शेवटचा आकडा अनेकांना अनपेक्षित वाटतो, पण जिल्हा हे एकक धरल्यावर पुण्या-मुंबईच्या सरासरीआड झाकलेले जिल्हे दिसू लागतात. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 च्या स्थितीवर तो सुमारे 14,000 कोटी काढला. या दोन आकड्यांवरून ‘दहा वर्षांत अनुशेष चौपट झाला’ असे म्हणणे चूक आहे: मधल्या काळात बांधकामाचा खर्च वाढला आणि ज्या सरासरीशी तुलना करायची ती सरासरीही वर गेली.

निष्कर्ष लिहिताना

उतार किंवा प्रमाण विचलन कारण सांगत नाही. 1952 च्या मालवाहतूक समानीकरण धोरणाने पोलाद आणि कोळसा देशभर जवळपास एकाच भावाने मिळू लागला, त्यामुळे खाणींच्या जवळ असण्याचा पूर्वेकडील राज्यांचा फायदा गेला आणि पश्चिम व दक्षिणेच्या राज्यांना, अर्थात महाराष्ट्रालाही, लाभ झाला. हे कारण खरे आणि वजनदार आहे. पण बंगालच्या घसरणीत विजेची टंचाई आणि औद्योगिक अशांतता यांचाही वाटा सांगितला जातो. त्यांतले किती कशामुळे, हे वरील शीटमधून निघत नाही आणि निघाले असे लिहूही नये.

निष्कर्षाच्या वाक्यात काळ, किंमतींचा पाया, प्रदेशांची यादी, सीमा आणि भार या पाचही गोष्टी याव्यात. उदाहरणार्थ: ‘1993-94 ते 2019-20 या काळात, 2011-12 च्या स्थिर किंमतींत, नोव्हेंबर 2000 पूर्वीच्या सीमा धरून घेतलेल्या अमुक राज्यांत, लोकसंख्येचा भार देऊन पाहिले असता, प्रमाण विचलन इतक्यावरून इतके झाले, गोवा व दिल्ली वगळल्यास इतके.’ अखेरचे वर्ष 2020-21 ठेवू नये, कारण टाळेबंदीचा फटका पर्यटन आणि सेवांवर चालणाऱ्या राज्यांना शेतीप्रधान राज्यांपेक्षा जास्त बसला आणि त्या एका वर्षात दरी अकारण आक्रसलेली दिसते. आरंभवर्ष म्हणून मोठ्या दुष्काळाचे वर्षही त्याच कारणाने टाळावे. दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घेतली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. शीट कोणालाही उघडून पाहता येईल अशी ठेवावी आणि सांधणीचे राज्यवार गुणक तिच्यात वेगळ्या पानावर द्यावेत.